बॉक्सवर एमआरपी छापता, तशी शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीखही छापायला लावा : एक खुलं पत्र

प्रति,
सचिव, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
आणि महासंचालक, सर्ट-इन (देशाची सायबर-सुरक्षा यंत्रणा),
नवी दिल्ली

विषय : राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), आयपी कॅमेरे आणि नॅस (नेटवर्कवर फायली साठवायचा डबा) यांमधले कमांड इंजेक्शनचे बग, आणि ते दुरुस्त करायची जबाबदारी नक्की कोणाची

महोदय / महोदया,

मी पुणे-पिंपरी भागात सोसायट्या, दुकानं, क्लासेस, दवाखाने अशा ठिकाणी सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो. आमच्यासारखी हजारो माणसं महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत, केबल ओढणारी, डीव्हीआर लावणारी, वायफाय चालत नाही म्हणून रात्री फोन येतो ती. तुमच्या फायलींमध्ये ज्याला नेटवर्क-कनेक्टेड डिव्हाइस म्हणतात ते डबे भिंतीवर आम्हीच ठोकतो, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकतो. राउटर असो, कॅमेरा असो, डीव्हीआर असो, त्याला कंपनी सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत देणार ती तारीख बॉक्सवर छापणं कायद्याने सक्तीचं करा. आणि पासवर्ड न टाकता बाहेरून आत शिरता येईल असा बग सापडला तर "हे मॉडेल आता बंद झालं, नवीन घ्या" एवढं बोलून कंपनीला सुटता येऊ नये, ही मागणी तर त्याहून महत्त्वाची.

हे पत्र माझ्या लाइनच्या बाहेरचे लोकही वाचतील म्हणून कमांड इंजेक्शन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. राउटरच्या ॲडमिन पेजवर डायग्नोस्टिक्स नावाचा टॅब असतो, त्यात पिंग करायची सोय असते, आपण तिथे ८.८.८.८ सारखा एखादा नेटवरचा पत्ता टाकतो, बटण दाबतो आणि नेट चालू आहे की नाही ते कळतं. आत काय होतं, तर राउटरमधला प्रोग्राम "पिंग" हा शब्द घेतो, आपण रकान्यात जे काही टाइप केलं ते त्याला जोडतो आणि ती अख्खी ओळ उचलून लिनक्सच्या शेलकडे, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, देतो. शेलला कुठला भाग राउटरने लिहिला आणि कुठला बाहेरून आला हे कळत नाही. त्यामुळे कोणी पत्त्यानंतर एक सेमीकोलन टाकून पुढे दुसरी कमांड लिहिली, तर पिंग झाल्यावर ती दुसरी कमांडही चालते. आणि या स्वस्त डब्यांमध्ये बहुतेक सगळं काही रूटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, हक्कांनी चालतं, म्हणजे त्या एका सेमीकोलननंतर आख्खा डबा त्या माणसाचा.

आता हे फक्त पिंगच्या रकान्यात होतं असं समजू नका. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ राउटरमध्ये हा बग देश निवडायच्या फॉर्ममध्ये होता, भाषा आणि देश सेट करतो ना आपण तिथे. ॲवटेकच्या एका आयपी कॅमेऱ्यात तो ब्राइटनेस कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये होता. डी-लिंकच्या जुन्या नॅसमध्ये नवीन युजरचं नाव टाकायच्या जागी. आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मिराई नावाच्या मालवेअरच्या एका नव्या अवताराने युरोपात जो धुमाकूळ घातला, त्यात घड्याळ लावायच्या सर्व्हरचं नाव जिथे भरतात त्या रकान्यातून कमांड घुसवली जात होती. त्या लाटेत जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची लाइन कोलमडली. देश, ब्राइटनेस, युजरचं नाव, घड्याळ. यातलं एकही सेटिंग सुरक्षेशी संबंधित आहे असं बघून वाटत नाही, आणि म्हणूनच ते लिहिताना कोणी दोनदा विचार केला नाही.

बरं, हा काही नवा किंवा फार अवघड बग नाही. बाहेरून आलेला मजकूर शेलकडे द्यायचाच नाही, प्रोग्राम थेट चालवायचा, आर्ग्युमेंट (त्याला पुरवायची माहिती) वेगवेगळी द्यायची, पत्ता अपेक्षित असेल तर तो पत्ताच आहे ना हे तपासायचं, आणि वेब सर्व्हरला रूटचे हक्क द्यायचे नाहीत. कॉलेजात शिकवतात हे. अमेरिकेच्या सीसा (तिथली सायबर-सुरक्षा संस्था) आणि एफबीआय यांनी १० जुलै २०२४ ला खास या एकाच प्रकारच्या बगवर इशारा काढला आणि कंपन्यांना सरळ सांगितलं की हे टाळता येतं, तेव्हा प्रॉडक्ट बनवतानाच टाळा. त्यात सिस्को, पालो आल्टो, इवांटी या मोठ्या कंपन्यांची उदाहरणं दिली होती, म्हणजे लाखो रुपयांच्या उपकरणांतही हेच चालू आहे.

पण इथेच खरा फरक दिसतो. पालो आल्टोच्या फायरवॉलमधला तो बग १२ एप्रिल २०२४ ला जाहीर झाला आणि पहिले हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्त्या, १४ एप्रिलला आले. दोन दिवसांत. त्याच महिन्यात डी-लिंकच्या डीएनएस-३२०एल आणि तिच्या बहिणी असलेल्या नॅस मॉडेल्समध्ये बग जाहीर झाला, आत 'मेसेजबस' नावाचं एक अकाउंट, त्याला पासवर्डच नाही, आणि त्यातून कमांड चालवता येते. इंटरनेटवर तेव्हा असे ९२ हजारांवर डबे उघडे असल्याचं शोधणाऱ्याने सांगितलं. कंपनीचं उत्तर काय, तर ही मॉडेल्स एंड-ऑफ-लाइफ झालीत, पॅच (दुरुस्तीचं अपडेट) येणार नाही, काढून टाका आणि दुसरं घ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तशाच नॅसमध्ये अजून एक कमांड इंजेक्शन निघालं आणि परत तेच उत्तर. ॲवटेकच्या त्या ब्राइटनेसवाल्या कॅमेऱ्याची गोष्ट तर अजून वाईट आहे, त्या बगचा नमुना कोड २०१९ पासून उघड्यावर पडून होता, त्याला सीव्हीई नंबर (बगचा जगभर चालणारा ओळख नंबर) मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये, आणि तोपर्यंत बॉटनेटवाले, म्हणजे हॅक केलेल्या डब्यांची फौज चालवणारे, तो वापरत होते. नंबर नाही म्हणजे स्कॅनरमध्ये दिसत नाही, यादीत येत नाही, कोणी विचारत नाही. सर्ट-इन स्वतः सीव्हीई नंबर देऊ शकते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम तुमच्या कानावर घालतोय.

म्हणजे ज्याच्याकडे सिक्युरिटी टीम आहे, सपोर्टचं कॉन्ट्रॅक्ट आहे, त्याला दोन दिवसांत पॅच, आणि ज्याच्याकडे फक्त वॉचमन आणि सेक्रेटरी आहेत त्याला "नवीन घ्या". हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये.

ग्राउंडवर काय चित्र असतं ते सांगतो. सोसायटीचा डीव्हीआर बहुतेक ठिकाणी मीटर रूममध्ये किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये एका पत्र्याच्या रॅकमध्ये असतो, वर धूळ, खाली यूपीएस, मागे केबलचा गुंता, आणि खालच्या बाजूला मॉडेल नंबरचा स्टिकर, जो उष्णतेने इतका पुसट झालेला असतो की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचावा लागतो. लावला तेव्हाच्या कमिटीतलं कोणी आता कमिटीत नाही. लावणाऱ्याने मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून स्टॅटिक आयपी (नेटवरचा कायमचा पत्ता) घेऊन पोर्ट फॉरवर्ड केलेलं असतं, म्हणजे बाहेरून डीव्हीआरपर्यंत वाट उघडून दिलेली असते, आणि ते कोणाच्या लक्षातही नसतं. पिक्चर येतंय, रेकॉर्डिंग होतंय, म्हणजे चालतंय. सेक्रेटरीला मी सांगितलं की साहेब याला आता कंपनीचे अपडेट येत नाहीत, बदलायला हवा, तर ते म्हणणार अहो चालतोय ना, एजीएममध्ये काय सांगू मी. आणि त्यांचं काही चूक नाही! त्यांच्यासमोर कुठलाही कागद नाही, कुठलीही तारीख नाही, फक्त माझा शब्द आहे, आणि मी नवीन डीव्हीआर विकणाराही आहे, तर माझ्या शब्दावर शंका येणारच.

डबा हॅक झालेला असला तरी कळत नाही. तो दुसऱ्या कोणावर तरी हल्ला करत असतो, पिक्चर मात्र नेहमीसारखं येत राहतं. फार तर नेट स्लो होतं, मग केबलवाल्याला शिव्या. रीस्टार्ट केला की मिराई जातीचा मालवेअर मेमरीतून जातो खरा, पण भोक तसंच असतं त्यामुळे थोड्या वेळात परत येतो. दवाखान्यात किंवा दुकानात त्याच नेटवर्कवर बिलिंगचा कॉम्प्युटर असतो, टॅली असते, पेशंटच्या फायली असतात. डीव्हीआरमध्ये शिरलेल्याला तिकडे जायला मधे काहीच अडवत नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. २०२४ मध्ये टीबीके नावाच्या डीव्हीआरमध्ये कमांड इंजेक्शन जाहीर झालं, मॉडेल ४१०४ आणि ४२१६, सीव्हीई-२०२४-३७२१. जून २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर-सुरक्षा कंपनीने सांगितलं की मिराईचा एक नवा प्रकार यातून पसरतोय आणि ज्या देशांत लागण दिसते त्यात भारत आहे. आता तुम्ही पुण्यात पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत फिरा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा आणि टीबीकेचा डीव्हीआर मागा, कोणी ओळखणार नाही. कारण हाच माल नोवो, सिनोव्हा, क्यू-सी, पल्निक्स, सेक्युरस, नाइट आउल अशा कितीतरी नावांनी विकला गेलाय, काहींवर तर नुसतं "एक्सव्हीआर ५ इन १" एवढंच लिहिलेलं असतं. बोर्ड तोच, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) तेच, बग तोच, फक्त स्टिकर वेगळा. इशारा निघतो टीबीकेच्या नावाने, आणि ज्याच्याकडे तो डबा आहे त्याच्या बॉक्सवर भलतंच नाव. त्याने सर्ट-इनची वेबसाइट रोज वाचली तरी त्याला कळणार नाही की हे माझ्याबद्दल आहे. मी स्वतः अशा वेळी झाकण उघडून बोर्डवर छापलेला नंबर शोधतो, कधी लागतो कधी नाही. म्हणून बॉक्सवर फक्त इम्पोर्टरचं नाव पुरत नाही, मूळ बनवणारा कोण आणि फर्मवेअर कोणाचं हेही छापलेलं पाहिजे, किंवा क्यूआर कोड द्या पण माहिती द्या. सॉफ्टवेअरमध्ये काय काय भरलंय त्याच्या यादीबद्दल, एसबॉमबद्दल, तुम्हीच ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात. तीच गोष्ट डीव्हीआरच्या बॉक्सपर्यंत येऊ द्या.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणत नाहीये. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी तुम्ही ९ एप्रिल २०२४ ला नियम काढलात, ९ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला, आता तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय नवा कॅमेरा विकता येत नाही. मार्केटमध्ये खूप आरडाओरडा झाला, माल अडकला, रेट वाढले, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नावं ठेवली. मी ठेवत नाही, हा नियम हवाच होता. पण तो नवीन मालाला आहे. आधी भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांचं काय? आणि नव्या मालाचीही तपासणी विकायच्या आधी होते, बग सापडतो चार-पाच वर्षांनी. हिकव्हिजनमधला सीव्हीई-२०२१-३६२६० बघा, पासवर्ड न लागणारं कमांड इंजेक्शन, २०२१ च्या जूनमध्ये एका संशोधकाने कंपनीला कळवलं, सप्टेंबरमध्ये पॅच आला, आणि तपासल्यावर निघालं काय तर २०१६ च्या फर्मवेअरमध्येही तोच बग होता. इतकी वर्षं आत बसून होता. त्यातून शिरणाऱ्याला जो पूर्ण शेल मिळत होता तो पैसे मोजून कॅमेरा घेतलेल्या मालकालासुद्धा मिळत नाही, मालकाला कापून-छाटून दिलेला शेल असतो. त्या वेळी कंपनीने पॅच दिला म्हणून ठीक, तरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये सायफर्मा या कंपनीने मोजलं तेव्हा ८० हजारांवर कॅमेरे पॅच न टाकलेले सापडले. टीपी-लिंकच्या त्या राउटरचंही तसंच, मार्च २०२३ मध्ये पॅच आला, एप्रिलमध्ये मिराईवाल्यांनी हल्ले चालू केले, आणि २०२५ मध्येसुद्धा एक नवं बॉटनेट त्याच बगवर पोसलं जात होतं. म्हणजे पॅच निघणं आणि पॅच भिंतीवरच्या डब्यात पोचणं यात वर्षं जातात.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा आहे, घरगुती स्मार्ट उपकरण विकताना सिक्युरिटी अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते सांगावंच लागतं, आणि सगळ्यांना एकच डिफॉल्ट पासवर्ड देऊन विकायला बंदी. युरोपचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय, त्यात साधारण किमान पाच वर्षं सपोर्ट द्यायची जबाबदारी आहे. आपल्याकडेही टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटरने २०२१ मध्येच घरगुती आयओटीसाठी (नेटला जोडलेल्या उपकरणांसाठी) कोड ऑफ प्रॅक्टिस काढला होता, त्यात डिफॉल्ट पासवर्ड नको, बग कळवायची सोय हवी, सॉफ्टवेअर अपडेट ठेवा, सगळं चांगलं लिहिलंय. पण ते ऐच्छिक. ऐच्छिक असलं की कोण करतो हो, तुम्हीच सांगा. आज आपल्याकडे पाकिटावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, इम्पोर्टरचा पत्ता, कुठल्या देशातलं, हे सगळं छापावंच लागतं. औषधाच्या स्ट्रिपवर एक्स्पायरी असते आणि केमिस्टने जुनी दिली तर साधा माणूसही परत करतो, त्याला फार्मसी शिकलेलं असावं लागत नाही. तेवढंच इथे हवंय. "सिक्युरिटी अपडेट : मार्च २०३१ पर्यंत" अशी एक ओळ, बॉक्सवर आणि डब्याच्या स्टिकरवर, मराठीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत. मग मला सेक्रेटरीला पटवायला लागणार नाही, ते स्वतः वाचतील आणि एजीएममध्ये दाखवतील. आणि दुकानात दोन राउटर शेजारी ठेवले, एक २०२७ वाला आणि एक २०३१ वाला, तर गिऱ्हाईक स्वतः ठरवेल २०० रुपये जास्त द्यायचे की नाही.

तारीख संपल्यावर काय, हा प्रश्न कंपन्या विचारतील. साधे बग राहू देत. पण पासवर्डशिवाय, बाहेरून, रूट मिळतोय असा बग निघाला तर तो डबा विकतानाच सदोष होता, वापरून झिजला नाही. सेमीकोलन तपासायचं राहिलं ते फॅक्टरीत. मग ज्या मॉडेलचे डबे अजून मोठ्या संख्येने चालू आहेत त्याला एक शेवटचा पॅच द्यायला लावा, नाहीतर एक्स्चेंजमध्ये ठरावीक सूट द्यायला लावा आणि जुना डबा कंपनीनेच ई-कचऱ्याच्या नियमाप्रमाणे परत न्यावा.

इंटरनेट कंपन्यांनी दिलेल्या ओएनटीबद्दल, म्हणजे फायबरच्या डब्याबद्दल, थोडं. फायबर घेतलं की राउटर त्यांचाच येतो, ॲडमिन पासवर्ड बऱ्याचदा ग्राहकाला देत नाहीत, फर्मवेअर लांबून तेच बदलू शकतात. मग त्याच्या पॅचची जबाबदारी शंभर टक्के त्यांचीच, यात ग्राहकाला मधे आणायचं कारणच नाही. जर्मनीत त्या २०१६ च्या प्रकरणात कंपनीने काही दिवसांत नवं फर्मवेअर पोचवलं होतं, म्हणजे करायचं ठरवलं की होतं. गंभीर बग जाहीर झाल्यापासून किती दिवसांत पॅच ढकलला पाहिजे याची मुदत घालून द्या. आणि सरकारच्याच सायबर स्वच्छता केंद्राकडे लागण झालेल्या आयपींची माहिती येते, ती इंटरनेट कंपन्यांकडे जाते, पण ग्राहकापर्यंत "तुमच्याकडच्या कॅमेऱ्यातून किंवा डीव्हीआरमधून हे होतंय" असा साधा मराठी एसएमएस आलेला मी तरी कुठे पाहिला नाही. केंद्राची टूल्स कॉम्प्युटर आणि मोबाइलसाठी आहेत, डीव्हीआरवर ती टाकणार कुठे?

सर्ट-इनच्या सूचना मी वाचतो. इंग्रजीत असतात, आणि उपाय म्हणून बहुतेक वेळा "कंपनीने दिलेलं अपडेट टाका" असं असतं. ज्याला अपडेटच नाही त्याला पुढे काय? तिथे दोन ओळी वाढवा : पोर्ट फॉरवर्ड आणि यूपीएनपी (डबा आपणहून बाहेरची वाट उघडतो ती सोय) बंद करा, डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर (आतल्या आत वेगळं केलेलं नेटवर्क) नाहीतर निदान गेस्ट नेटवर्कवर टाका, बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन लावा, आणि हे जमत नसेल तर नेटची केबल काढा, रेकॉर्डिंग तसंही चालू राहील. स्टिकर कुठे असतो त्याचा फोटो द्या, तोच डबा अजून कुठल्या नावांनी विकला जातो ती यादी द्या. आमच्या इन्स्टॉलर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एक मराठी पीडीएफ आला तर तो एका दिवसात कोल्हापूरपासून चंद्रपूरपर्यंत फिरेल. हे फुकटात होण्यासारखं आहे.

आणि जी पोरं हे बग शोधतात त्यांना लेखी संरक्षण द्या. आयटी ॲक्टचं कलम ४३ आणि ६६ (परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याबद्दलची) डोळ्यासमोर ठेवून घाबरून गप्प बसणारी हुशार मुलं माझ्या माहितीत आहेत. स्वतः विकत घेतलेला राउटर उघडून तपासला, बग प्रामाणिकपणे कळवला, कोणाचा डेटा घेतला नाही, तर कारवाई होणार नाही, एवढं एक स्पष्ट परिपत्रक हवं. आणि कंपनीने ठरावीक मुदतीत उत्तर दिलं नाही तर सर्ट-इनने नंबर देऊन बग जाहीर करावा, ॲवटेकसारखी वर्षानुवर्षं वाट बघू नये.

इलेक्ट्रॉनिक मालाच्या सक्तीच्या नोंदणीचा जो आदेश आहे त्यात पुढची दुरुस्ती कराल तेव्हा अपडेटच्या तारखेची आणि मूळ बनवणाऱ्याच्या नावाची अट त्यात घाला, आणि कॅमेऱ्यांपुरतं न ठेवता डीव्हीआर, एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), नॅस आणि घरगुती राउटर यांनाही घ्या. मसुदा हरकती-सूचनांसाठी टाकाल तेव्हा मराठीत पाठवलेल्या सूचनाही स्वीकारा. माझी तयार आहे, आणि आमच्या भागातले इन्स्टॉलर आपापल्या सह्यांनिशी पाठवतील.

आपला,
सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं काम करणारा एक इन्स्टॉलर,
पिंपरी-चिंचवड